दुश्मनाचा कप

पुसदला वाशिम रोडवर चारुदत्तच्या घरी दर रविवारी दुपारची जेवणं आटोपली की विमानं उडायची. खरी नव्हेत, पुढच्या खोलीतल्या चार कंप्युटरवरची. पण असं त्या चौघांसमोर म्हणायची सोय नव्हती. कोणी सहज विचारलं, "गेम खेळता काय?" की श्रीकृष्ण सर गेम वेगळा आणि सिम्युलेटर वेगळा हे समजावून सांगायला बसत, आणि विचारणाऱ्याला आपण कशाला तोंड उघडलं असं होऊन जाई. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. सलील बँकेत होता, चौघांत सगळ्यात लहान, म्हणून सर सोडून बाकीच्यांना काका म्हणायचा. चारुदत्त सरकारी नोकरीत, पन्नाशी उलटलेला. आणि तनवीर त्याचा शाळेपासूनचा दोस्त, ज्याचं बसस्टँडकडे गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं. चौघांत खऱ्या विमानात बसलेला एकटा सलील, तोही एकदाच, आणि त्याला मधली सीट मिळाली होती.

रविवारांचे प्रकार ठरलेले होते. कधी दुसऱ्या महायुद्धाचा रविवार असायचा. मग कोणी इंग्रज व्हायचं, कोणी जर्मन, कोणी जपानी, आणि बर्मावरून उडायची वेळ आली की सर हमखास विमान थांबवून सांगायचे की इंग्रजांच्या त्या हरिकेन विमानांत आपली पोरंही होती. "मग आपण त्या लढाईत कोणाकडून?" सलील विचारायचा. सर म्हणायचे, "तोच तर प्रश्न आहे," आणि उत्तर न देता चष्मा पुसायचे.

कधी चंद्राचा रविवार. चंद्रावर यान उतरवणं हे तनवीर आणि चारुदत्त या दोघांचं काम. यान तनवीरच्या हातात, आणि शेजारी बसून चारुदत्त उंची वाचायचा. दोनशे, दीडशे, शंभर, हळू, हळू बे. तनवीर स्क्रीनकडे पाहायचाही नाही म्हणा ना, चारुदत्तच्या आवाजावर उतरवायचा. यानावर झेंडा कोणाचा लावायचा ते सलील ठरवायचा. कधी रशियाचा, कधी अमेरिकेचा, बहुतेक वेळा आपला. यान टेकलं की तनवीर हात वर करून "सलाम, चंदामामा" म्हणायचा. कुंदावहिनी म्हणजे चारुदत्तची बायको आतूनच विचारायची, "उतरले का?" आणि मग चहा टाकायची.

आणि कधी एकाहत्तरचा रविवार. हा सगळ्यांचा लाडका. एकाहत्तरच्या लढाईतली आपली नॅट विमानं आणि पाकिस्तानची सेबर विमानं. तिघांनी नॅट उडवायची, एकानं सेबर, आणि त्याच्या जोडीची दोन सेबर कंप्युटर उडवणार. आता सेबर कोणी उडवायचं? आपणहून कोण तयार होतो? म्हणून चिठ्ठ्या. साखरेच्या रिकाम्या उभ्या डब्यात चार चिठ्ठ्या टाकायच्या, हात घालून एकेकानं काढायची.

पहिल्यांदा सेबरची चिठ्ठी सरांना निघाली. त्या दिवशी नेमका कुंदावहिनीच्या हातून एका कपाचा कान उडाला होता, आणि तोच कप ट्रेवर आला. सलील म्हणाला, "सर, दुश्मनाला असाच चहा. आणि सगळ्यात शेवटी." झालं. तेव्हापासून रिवाजच पडला. सेबर उडवणाऱ्याला दिवसभर जनरलसाहेब म्हणायचं, चिडवून जीव नकोसा करायचा, आणि चहा सगळ्यांच्या मागून, बिनकानाच्या कपात. सलीलला निघाली तेव्हा सलील प्याला, चारुदत्तला निघाली तेव्हा चारुदत्त. बोटं पोळायची आणि बाकीचे हसायचे.

तनवीरला मात्र ती चिठ्ठी कधी निघालीच नाही. वर्षं झाली, एकदासुद्धा नाही. "नशीबवान हाय लेका," सर म्हणायचे.

नशीब कसलं. ते सगळं चारुदत्तचं काम होतं.

एकाहत्तरच्या रविवारी डबा चारुदत्तच फिरवायचा आणि सगळ्यात आधी तनवीरपुढे धरायचा. त्या वेळी डब्यात तीनच चिठ्ठ्या असायच्या, तिन्ही नॅटच्या. चौथी त्याच्या दोन बोटांच्या मध्ये. तनवीरनं हात बाहेर काढला की ती अलगद आत. त्यानं स्वतःची समजूत घातली होती की हे तनवीरच्या भल्यासाठी आहे. सलील कधीकधी झुंजीचे व्हिडिओ नेटवर टाकायचा. उद्या कोणी पाहिलं, तनवीर सेबरमध्ये बसून आपलं विमान पाडतोय आणि सगळे त्याला पाकिस्तानचा जनरल म्हणतायत, तर दिवस असे आहेत, गावात काय होईल सांगता येत नाही. त्याचं दुकान आहे, लेकरंबाळं आहेत. कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण दुसरंच होतं, आणि ते चारुदत्त स्वतःशीही बोलत नव्हता.

खरं कारण तो कप.

चारुदत्त लहान होता तेव्हा दिवाळीच्या आधी तनवीरचे वडील हाफिजभाई त्यांच्या घरी गाद्यांचा कापूस पिंजायला यायचे. पोरगा सोबत असायचा. अंगणात पिंजणाची तार वाजायची, कापूस उडून सगळ्यांच्या केसांत बसायचा, चारुदत्त आणि तनवीर त्यात लोळायचे. मग चहा. चारुदत्तची आई चहा द्यायची, पण हाफिजभाईंचा कप निराळा होता. कान तुटलेला. अंगणातल्या नळावरच्या कोनाड्यात वर्षभर पालथा पडलेला. हाफिजभाई चहा प्यायचे, कप आपल्या हातानं विसळायचे आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचे. कोणाला त्यात काही वावगं दिसायचं नाही. आई तशी मायाळू बाई. तनवीरला बेसनाचा लाडू आठवणीनं द्यायची, फक्त वरून टाकायची, हात लागू नये म्हणून. अंगणाच्या पुढे ती बापलेकं कधी आली नाहीत. आई गेली, हाफिजभाई गेले, नवं घर झालं, तनवीर आता पुढच्या खोलीत हक्काच्या खुर्चीत बसायचा. पण कान तुटलेला कप ट्रेवर पाहिला आणि चारुदत्तला तो कोनाडा दिसला. हा कप तनवीरपुढे आपल्या हातानं ठेवायचा? मेलो तरी नाही, असं त्यानं ठरवलं. कप फेकून दिला असता तरी चाललं असतं, पण मग कारण सांगावं लागलं असतं.

असं ते बिनबोभाट चाललं होतं. बोभाटा झाला तो नळामुळे.

पुसदला नळ रोज येत नाहीत, आणि येतात तेव्हा माणसानं हातातलं काम टाकून उठायचं असतं. त्या रविवारी चिठ्ठ्या करून झाल्या आणि मागून कुंदावहिनीचा आवाज आला, "अहो, नळ आले. पाइप लावा आधी." चारुदत्त उठला. उठताना त्यानं डबा सलीलच्या हातात दिला, चारही चिठ्ठ्यांसकट. पाइप लावून, ओल्या हातानं पळत परत आला तोवर तनवीरनं चिठ्ठी काढली होती आणि ती उघडून तो हसत होता.

"सेबर," तनवीर म्हणाला. "आली बाप्पा एकदाची."

"थांबा," चारुदत्त म्हणाला. "पुन्हा काढू."

"काहून?"

"सलीलनं डबा नीट हलवला नसेल."

"हलवला न काका," सलील म्हणाला.

"पुन्हा काढू म्हटलं ना." त्यानं तनवीरच्या हातातून चिठ्ठी घेतली, घडी घातली, डबा ओढून घेतला. सर्वांना वाटलं, असेल याच्या डोक्यात काही. तनवीरनं पुन्हा हात घातला आणि चिठ्ठी काढली. नॅट. मग सरांनी काढली. नॅट. सलीलनं काढली. तीही नॅट. आता राहिला चारुदत्त. त्यानं डब्यात पाहिलं, डबा रिकामा. चिठ्ठी आत पडलीच नव्हती. ओल्या हाताला ती चिकटून बसली होती, आणि तळहातावर निळी शाई पसरली होती.

तनवीरनं त्याचं मनगट धरलं आणि हात उलटा केला. चिठ्ठीवरचा सेबर हा शब्द अजून वाचता येत होता.

सरांनी चष्मा काढला. मागे नळाचं पाणी टाकीत पडत होतं.

"कधीपासून चालू हाये हे?" तनवीरनं विचारलं.

चारुदत्तनं हात सोडवून पँटला पुसला.

"सुरुवातीपासून, होय न?"

तनवीरनं गाडीचं हेल्मेट उचललं. कुंदावहिनी दारात येऊन उभी होती, तिला तो म्हणाला, "वहिनी, चहा राहू द्या आज." आणि गेला.

पुढच्या रविवारी तनवीर आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चंद्राचा रविवार आला तेव्हा चारुदत्तनं यान स्वतः हातात घेतलं आणि उंची वाचायला सलीलला बसवलं. सलील बिचारा बरोबरच वाचत होता. पण चारुदत्तचं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे, आणि यान दगडासारखं खाली. धूळसुद्धा उडाली नाही, नुसता स्क्रीन काळा झाला. आतून कुंदावहिनीनं विचारलं, "उतरले का?" आणि सलीलनं कंप्युटर बंद केला.

"तू जा त्याच्याकडे," सर म्हणाले.

"काय सांगू जाऊन?"

"ते मला काय विचारतो? चिठ्ठी तू लपवली."

चारुदत्त दोन दिवस जाऊ की नको करत राहिला. एवढ्या वर्षांचा दोस्त आपल्या हातानं गमावला ही गोष्ट त्याला जेवू देत नव्हती. तिसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो दुकानात गेला. तनवीर मशीनवर एका मोटारसायकलच्या सीटचं कव्हर शिवत होता. त्यानं मान वर केली, स्टुलाकडे बोट दाखवलं आणि शिवणं चालू ठेवलं.

"ते व्हिडिओचं डोक्यात होतं माझ्या," चारुदत्तनं सुरुवात केली. वाक्य त्यानं घरून घोकून आणलं होतं. "सलील नेटवर टाकतो. कोणी पाहिलं असतं, तुझ्या दुकानाचं काही..."

"सलीलले म्हटलं असतं टाकू नको, तर त्यानं टाकला नसता. एका शब्दाचं काम होतं." मशीन थांबलं. "गावात माह्याशी कोण कसं वागते ते मले तुह्यापेक्षा जास्त माहीत हाये चारू. ते मी पाहून घेईन. तू खरं सांग."

मग चारुदत्तनं कपाचं सांगितलं. एकदम नाही, अडखळत. आईचं सगळ्यात शेवटी. त्याला लाज वाटत होती, आणि आता तरी ती लपवण्यात अर्थ नव्हता.

तनवीरनं सगळं ऐकून घेतलं. हातातल्या रेक्झिनच्या कडेवरून त्यानं अंगठा फिरवला.

"निळं फूल होतं त्याच्यावर," तो म्हणाला. "अर्धा चहा अब्बा पेत, अर्धा मले देत. त्याच कपातून." मग मान वर करून, "तुले काय वाटलं, मले तो आठवत नसन? पह्यल्याच दिवशी आठवला. सर तुटक्या कपात चहा पिऊन राह्यले होते अन् तुम्ही हसून राह्यले होते, तवा. मले मजा वाटली. म्हटलं, चला, आता हे सगळे पेतात तशा कपात. मी तं वाटच पाहून राह्यलो होतो माही चिठ्ठी कधी निघते."

"मला वाटलं तुला वाईट वाटेल."

"अब्बाचा कप तुटका होता, त्याचं काही नाही. आमच्या घरी काय सगळे साबूत होते? त्यात दुसरं कोणी पेत नव्हतं, वांधा तो होता. अन् आता तुह्या घरी एक कप हाये, त्यात सगळे पेतात, मी सोडून. तवा जो वेगळा होता तोच मले भेटे, आता तोच तेवढा भेटत नाही. मंग फरक काय पडला सांग?"

चारुदत्त खाली पडलेले रेक्झिनचे तुकडे पायानं गोळा करू लागला.

"मी जर्मन झालो, इंग्रज झालो," तनवीर म्हणाला. "रशियाचा झेंडा लावून चंद्रावर उतरलो. तवा तू कधी घाबरला नाही. एकाच झेंड्याले घाबरला. सर त्या खुर्चीत बसतात अन् उठून घरी जातात. सलीलबी जाते. मी एकदा बसलो तं काय उठणार नाही, असं वाटलं तुले?"

हे मात्र चारुदत्तच्या वर्मी बसलं. असं त्याला वाटलं होतं का? नव्हतं वाटलं, तो शपथेवर सांगायला तयार होता. पण लोकांना तसं वाटेल या भीतीनं त्यानं दोस्ताला तीन चिठ्ठ्यांचा डबा दाखवला होता, म्हणजे लोकांचं म्हणणं त्यानं आपल्या घरात आणून बसवलंच होतं. त्याचे डोळे भरून आले. तनवीरनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून समोरच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली. चहा आला. दोघांनी काचेच्या ग्लासातला चहा संपवला.

"रविवारी येतो," तनवीर म्हणाला. "पण डबा वहिनी धरन. तुह्या हाताचा भरोसा नाही."

रविवारी तो आला. कुंदावहिनीनं डबा धरला, आणि धरण्याआधी बांगड्या वर सारून दोन्ही हात उलटेपालटे करून दाखवले. तनवीरनं हात घातला. नॅट. एकाहत्तरचा पुढचा रविवार आला, तेव्हाही नॅट. चारुदत्तचा जीव वरखाली होत होता, की आता याला वाटणार, बायकोही सामील आहे.

"वहिनी, तुम्हीबी याच्याच शाळेतल्या काय?" तनवीर म्हणाला.

"मी कशाला? तुमचं नशीबच फुटकं," वहिनी म्हणाली, आणि सगळे मोकळेपणानं हसले. पुष्कळ दिवसांनी त्या खोलीत असं हसू आलं होतं.

आणि मग एका रविवारी त्याला ती निघाली. त्यानं चिठ्ठी उघडून टेबलावर ठेवली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि सेबरच्या खुर्चीत जाऊन बसला. सलीलनं न सांगता मोबाइल खिशात टाकला.

झुंज सुरू झाली. तनवीर चौघांत सगळ्यात पट्टीचा उडवणारा, हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याच्या विरुद्ध नॅट उडवायची वेळ कोणावर आली नव्हती. सरांना त्यानं पहिल्या वळणातच गारद केलं. सलील ढगात पळाला. चारुदत्त मात्र कसाबसा त्याच्या शेपटीवर आला. समोर सेबर, नेम बरोबर, नुसतं बोट दाबायचं होतं. आणि ते बोट दाबेना. जुनी खोड अशी एका दिवसात जात नाही.

"चारू," पलीकडून तनवीर म्हणाला, स्क्रीनवरची नजर न हलवता, "दया करून राह्यला काय बे?"

तेवढ्यात सेबर वर उसळलं, उलटं झालं आणि कुठे गेलं ते चारुदत्तला कळलं नाही. कळलं तेव्हा त्याच्या नॅटच्या पंखातून धूर निघत होता. विमान खाली जाताना चारुदत्तच्या तोंडून जी शिवी गेली ती सरांनाही कधी मिळाली नव्हती. मनापासून गेली. हातातोंडाशी आलेली शिकार गेल्याचा खरा राग होता तो, त्यात दोस्ताला सांभाळून घेण्याचा लवलेश नव्हता. शिवी ऐकून तनवीर खुर्चीत मागे रेलला आणि पोट धरून हसला.

स्वयंपाकघरात कुंदावहिनीनं चहा गाळला होता. कान तुटलेला कप तिनं मागच्या फळीवरून काढून ओट्यावर ठेवला होता, पण ट्रेमध्ये ठेवत नव्हती. हाफिजभाईंच्या कपाची गोष्ट चारुदत्तनं तिला एव्हाना सांगितली होती.

"तुम्हीच न्या," ती नवऱ्याला म्हणाली. "माझा हात उचलत नाही."

चारुदत्तनं कप ट्रेमध्ये ठेवला. आधी सरांना दिला, मग सलीलला, मग आपला काढून घेतला. शेवटी तो तनवीरसमोर गेला. आईची आठवण आली, कोनाडा आठवला, आणि बशीत थोडा चहा सांडला. पण कप त्यानं ठेवला, आणि जसं सरांना म्हणायचा, सलीलला म्हणायचा, तसंच म्हणाला, "घ्या जनरलसाहेब. दुश्मनाला शेवटीच."

तनवीरनं कप कडेनं धरला आणि लगेच दुसऱ्या हातात घेतला. "चटका बसते की याचा."

"मग? आम्ही काय उगाच बोंबलत होतो?" सर म्हणाले.

तनवीरनं फुंकर घालत घालत सगळा चहा प्याला. कप खाली ठेवला, आणि उठून तो विसळायला घेऊन निघाला. निघाला आणि दोन पावलांवर थांबला. आपण कुठे निघालो हे त्याचं त्यालाच कळलं असावं. त्यानं कप ट्रेमध्ये ठेवला, सगळ्यांच्या कपांत, आणि परत येऊन बसला.

पुढच्या वेळी चिठ्ठी चारुदत्तला निघाली. त्या दिवशी वहिनी चहा घेऊन आली तर ट्रेमध्ये चारही कप चांगले. ती विसरली होती, की मुद्दाम आणला नव्हता, कोण जाणे. तनवीर उठला आणि या घरात पहिल्यांदा सरळ स्वयंपाकघरात गेला. फळीवरची भांडी वाजली. तो कप हुडकून घेऊन आला, चारुदत्तचा चहा त्यात ओतला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"पे," तो म्हणाला.

चारुदत्तनं कप उचलला. चांगलाच चटका बसला.